ओमारच्या वाट्याचं पाणी

विल्मार : आणि मला आज बोलावताय? रोपांनी मान टाकल्यावर?

नेलिदा : मान कुठं टाकलीय? जरा झुकलीत. तूही झुकतोसच की दर शनिवारी, क्लबातून घरी जाताना.

विल्मार : वहिनी, मस्करी नंतर. बाजूला व्हा, तुमची सावली पडतेय. हं... खालची पानं पिवळी. वरची अशी आत वळलेली, पोपटाच्या चोचीसारखी. आणि देठ बघा, शिवणाचा दोरा तरी बरा. ह्याला गांजाचं रोप म्हणायचं?

मिर्ता : मी तर केव्हाची म्हणतेय, विल्मारला हाक मारा, विल्मारला हाक मारा. माझा भाऊ ओमार असता तर पहिल्याच दिवशी त्यानं...

नेलिदा : तुझा भाऊ असता तर तू या मागच्या खोलीत पाऊल टाकलं नसतंस. "काय बाई हा वास, शेजारीपाजारी काय म्हणतील!" हे कोण म्हणायचं? मी?

मिर्ता : ते वेगळं होतं. तेव्हा तो होता.

विल्मार : दोघी थांबा. मी एकेक विचारतो, सरळ उत्तर द्या. दिवा इतक्या वर का टांगलाय?

नेलिदा : ओमारनं जिथं खिळा ठोकला तिथंच टांगलाय.

विल्मार : अहो, तो खिळा कमरेएवढ्या झाडांसाठी होता! ही बिचारी उजेड शोधत वर वर ताणलीत, म्हणून लुळी पडली. हात उपडा धरा इथं, पानांच्या जरा वर. ऊब लागतेय?

नेलिदा : काही लागत नाही.

विल्मार : तेच. ऊब लागली पाहिजे, चटका नाही, इतका खाली घ्यायचा. दोरी आहे का कुठं?

मिर्ता : आणते की. कपडे वाळत घालायची चालेल? एका टोकाला गाठ आहे तिला.

विल्मार : चालेल. हं... धरा... अजून खाली... बस. हे झालं एक. पण दिव्यानं नुसती लांबतात, पानं अशी होत नाहीत. पाणी किती घालता?

नेलिदा : तू सांगितलंस तेवढंच. कडेकडेनं, चमच्यानं, वरची माती सुकली की.

विल्मार : नक्की?

नेलिदा : मी तुझ्याशी खोटं बोलेन? अरे, टपाल कचेरीत पेन्शनवाल्यांच्या रांगेत उभी राहून घरी लावायच्या झाडांची सरकारी नोंदणी स्वतःच्या नावावर करून आलेली बाई आहे मी. खिडकीतली मुलगी विचारते, काय लावायचंय? म्हटलं, गांजा. ती म्हणते, जरा मोठ्यानं बोला आजी. मागं माझी शिवणाची निम्मी गिऱ्हाइकं उभी!

मिर्ता : पाद्रीबाबांपर्यंत गेलं ते.

नेलिदा : तूच नेलंस. आपोआप नाही गेलं.

विल्मार : बोट घालतो हं मातीत. ...वहिनी.

नेलिदा : काय?

विल्मार : ही चमच्यानं पाणी घातलेली माती नाही. नदीला पूर येऊन गेल्यावर काठावर असतो ना, तसला चिखल आहे हा. कुंडी उचला. उचलून बघा तर खरं.

नेलिदा : जड आहे.

विल्मार : दगड आहे दगड. वास घ्या.

नेलिदा : मातीचाच आहे.

विल्मार : आंबलीय. मुळांना श्वास घ्यायला जागा नाही, गुदमरतायत ती. म्हणून पानं पिवळी, म्हणून ही चिलटं. मी तुम्हाला नवी, हलकी माती आणायला सांगितली होती. ही कुठली?

नेलिदा : त्यानं कालवलेली आहे. गेल्या वर्षीची. शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यातलं खत आणलं, अंगणात बसून चाळलं, मूठमूठ करून मिसळलं. पुढं कितीतरी दिवस नखं काळी होती. जेवायला बसला की मी ओरडायची. ती माती फेकू आणि दुकानातली पिशवी फोडू?

विल्मार : बरं. नका फोडू. पण एवढं पाणी येतं कुठून? छप्पर गळतंय?

मिर्ता : छे, छप्पर तर मागच्याच वर्षी...

विल्मार : मग मांजर?

नेलिदा : मांजर असेल. शेजाऱ्यांचं येतं अधूनमधून.

विल्मार : एवढं मुतणारं मांजर असेल तर आधी त्याला डॉक्टरकडे न्या. आणि हा हिरवा थर कसला? मला आधी शेवाळ वाटलं. बोटाला भुगा लागतोय... वहिनी, हा माते चहाचा पाला आहे, गरम पाणी ओतून पितो तो.

(बाहेरच्या रस्त्यावरून एक मोपेड जाते. नेलिदा पायानं टेबलाखाली काहीतरी आत सरकवते.)

विल्मार : सरकवू नका, दिसला मला. थर्मास. आणि हा माते प्यायचा तुंबा, ओढायची नळी आतच. गरम आहे अजून.

नेलिदा : मग? माझ्या घरात मी माते कुठंही बसून पिईन. अंगणात पिईन, न्हाणीघरात पिईन.

विल्मार : प्या की. मी पण पितो दिवसभर, बस चालवतानाही. ओतता कशाला?

नेलिदा : ओतत नाही.

विल्मार : मग हे काय आहे?

नेलिदा : त्याचा वाटा देते.

विल्मार : ओमारचा?

नेलिदा : असं बघू नकोस. वेडी नाही झाले. एक तुंबा, एक नळी, दोन माणसं. मी पिते, भरते, त्याला देते. तो पितो, परत देतो, मी भरते. लग्न झाल्यापासून रोज सकाळी. भांडण झालं तरी. बोलायचं नाही, पण तुंबा पुढं करायचा. आता मी पिते, भरते, आणि हात आपोआप पुढं जातो. पुढं कुणी नाही. भरलेला तुंबा घेऊन बसायचं किती वेळ? मोरीत ओतवत नाही. मग म्हटलं, त्याचीच तर आहेत ही. थोडं थोडं देते. कोमट असतं.

विल्मार : रोज?

नेलिदा : तो भरपूर प्यायचा. तुला माहीत आहे.

विल्मार : माहीत आहे हो. मासेमारीला गेलो की मासे दोन आणि थर्मास चार. पण वहिनी, तरी हिशेब लागत नाही मला. सकाळचं तेवढं, त्यानं एवढा चिखल... मिर्ताताई, तुम्हाला काय झालं?

मिर्ता : कुठं काय. धूर गेला डोळ्यात.

नेलिदा : कसला धूर? चूल पण पेटलेली नाही.

मिर्ता : दुपारी तू मशीनवर बसतेस ना वहिनी...

नेलिदा : मिर्ता.

मिर्ता : मशीनचा आवाज चालू असतो, तुला ऐकू येत नाही. मी नुसती येऊन बसते. लहानपणी आईची नजर चुकवून आम्ही दोघं प्यायचो. पहिला तुंबा फार कडू, तो मला द्यायचाच नाही. म्हणायचा, थांब, मी कडूपणा काढतो. स्वतः प्यायचा, तोंड वाकडं करायचा, आणि दुसरा मला, साखर घालून. म्हणून पहिला मी त्याला...

नेलिदा : साखर? तू माझ्या रोपांना साखर घातलीस?

मिर्ता : पहिला बिनसाखरेचा गं! शपथ!

नेलिदा : आणि नंतरचे?

मिर्ता : एखादा. तो एकच थोडी प्यायचा?

विल्मार : अरे देवा. म्हणून एवढी चिलटं! सकाळी कडू, दुपारी गोड. रोपं आहेत की जावई?

नेलिदा : हसू नकोस. आणि ही मला सांगायची, मी त्या खोलीत जात नाही बाई, मला सहन होत नाही.

मिर्ता : तू तरी सांगितलंस का? मला वाटायचं, तुझ्या डोळ्यांत टिपूससुद्धा नाही. तो गेला त्याच दिवशी धुणं काढलंस तू. मी मनात म्हटलं, काय दगडाची बाई केली माझ्या भावानं.

नेलिदा : ते धुणं काढू नकोस.

मिर्ता : मी नाही काढत. तेव्हा तू काढलंस.

नेलिदा : काढू नकोस म्हणते ना!

विल्मार : बरं, बरं. ऐका. हे एक गेलं, ह्याचा देठ बुडाशी मऊ पडलाय. बाकीच्या दोघांत जीव आहे. पण वहिनी, तुम्ही एवढं मनाला लावून घेऊ नका. माझ्याकडे चांगलं बी आहे, जोमदार, काही करा तरी मरत नाही. उद्याच आणून देतो.

नेलिदा : दुसरं नको.

विल्मार : अहो, फुलं तीच येतात. तुम्ही ओढत तर नाहीच. मलम करायला कुठलंही...

नेलिदा : मलम मसणात गेलं. मला त्याचा वास पाहिजे.

विल्मार : वास?

नेलिदा : फेब्रुवारीत फुलं फुटायची आणि हा सगळा घरभर हिंडायचा त्यांचा वास अंगावर घेऊन. लिंबाच्या सालीसारखा, आणि मागून ओल्या लोकरीसारखा. तुझी झाडं मी हुंगलीत, त्यांना पेट्रोलचा येतो. ह्यानं वर्षानुवर्षं त्याच एका झाडाचं बी धरलं, दुसरं आणू दिलं नाही. शर्टांना यायचा, उशीला यायचा, टोपीला यायचा. मी कुरकुर करायची. आणि तो गेला त्या दिवशी पाहुणे येणार, घर नीट दिसावं, म्हणून मी सगळं धुतलं. शर्ट, चादरी, टोपी, सगळं. उकळत्या पाण्यात. संध्याकाळी दोरीवरून काढून नाकाला लावलं तर साबण. नुसता साबण, विल्मार.

मिर्ता : वहिनी...

नेलिदा : काडेपेटीत बी सापडलं ते ह्याचं शेवटचं. बाकीचं रुजलंच नाही. आता कळलं ना, का दुसरं नको?

विल्मार : कळलं.

नेलिदा : मग सांग, काय करू? दोरी बांधली, दिवा खाली घेतला. अजून काय?

विल्मार : माती बदलायची. ती थोडीशी ठेवू आपण, मुळांभोवतीची, सगळी नाही फेकणार. भोकं पाडलेली छोटी भांडी. आणि मग पाणी नाही. कुंडी उचलल्यावर हाताला हलकी लागेपर्यंत एक थेंब नाही. सकाळी नाही, दुपारी नाही.

नेलिदा : नाही घालणार.

मिर्ता : मी पण नाही. मेरीमातेची शपथ.

विल्मार : उद्या सकाळी तुंबा भरलात, हात पुढं गेला, मग?

नेलिदा : मग... आवरेन.

विल्मार : वहिनी.

नेलिदा : माणूस पुरे झालं की तुंबा परत देताना 'आभार' म्हणतो. म्हणतो ना? मग त्याला भरून द्यायचं थांबवतात. ह्यानं म्हटलं नाही. त्या सकाळी मी भरून पुढं केला तर याची मान बाजूला कललेली. लोक आले, डॉक्टर आला, आणि माझ्या हातात तो भरलेला तुंबा. कुणीतरी म्हणालं, खाली ठेवा ते. या कुंडीत ओतला मी, रिकामीच होती तेव्हा. तो आभार म्हणाला असता तर मी त्याच दिवशी थांबले असते. आता कुणाच्या शब्दावर थांबू? नाही रे, नाही आवरणार मला. खोटं कशाला बोलू.

विल्मार : मग मी एक सुचवतो, रागावू नका. मी घेऊन जातो.

नेलिदा : काय?

विल्मार : दोन्ही रोपं. माझ्या घरी. माझ्या नोंदणीत अजून दोन रोपांना जागा आहे, माझी बायको माते पितच नाही, कॉफीवाली आहे. मुळं धरली, चांगली हातभर झाली, की आणून देतो. फुलं इथंच येतील, तुमच्या अंगणात.

मिर्ता : म्हणजे इथं काहीच राहणार नाही?

विल्मार : थोडे दिवस.

मिर्ता : एक ठेव ना. एकच. आम्ही नुसतं बघू.

नेलिदा : नाही मिर्ता. आपण नुसतं बघणाऱ्यातल्या नाही. ने रे. दोन्ही ने.

विल्मार : नक्की?

नेलिदा : विचार बदलायच्या आत उचल. मिर्ता, भाजीचं खोकं आण, वर्तमानपत्र आण. थांब, असं नाही धरायचं, बुडाशी हात दे. मोपेडवर नेणार तू?

विल्मार : मागं बांधतो.

नेलिदा : ह्या गारठ्यात? वाऱ्यानं मोडतील.

विल्मार : मग चालू करत नाही. ढकलत नेतो, पायी. पोलिसानं अडवलं तर सांगेन, पेशंट आहेत.

मिर्ता : ही लोकरीची शाल गुंडाळ. माझीच आहे, राहू दे तुझ्याकडे.

नेलिदा : नदीकाठच्या रस्त्यानं जाऊ नकोस, तिथं वारा फार. चौकाकडून जा. आणि वाटेत कुणाशी गप्पा मारत उभा राहू नकोस.

विल्मार : नाही राहत.

नेलिदा : पोचलास की फोन कर.

विल्मार : अहो वहिनी, पुढच्या गल्लीत तर राहतो मी!

नेलिदा : तरी कर.