घर किंवा बोट

…नाही, पण मला एक सांगा, ज्या माणसाचा जन्म बोटीत झाला, लग्न बोटीत झालं, ज्याला शाळेचं तोंड दिसलं नाही कारण शाळेत नाव घालेपर्यंत बापाची बोट पुढच्या गावाला सुटलेली असायची, त्या माणसाला घराचा पिनकोड विचारायचा म्हणजे काय! आणि तोही अशा रकान्यात, जो दिसतच नाही! मी शांत माणूस आहे, तुम्हाला सांगतो. अठ्ठ्याहत्तर वर्षांत कुणावर हात उगारला नाही. माझ्या वाटणीचा खेस्के उगारते. खेस्के म्हणजे आमची मंडळी. गुडघे गेलेत तिचे, पण खांदे शाबूत आहेत.

तर झालं काय, नगरपालिकेचं पत्र आलं. पॉप्लरच्या धक्क्यावर बोट बांधायचा परवाना नव्यानं काढा, शुक्रवारी दुपारी बाराच्या आत, कॉम्प्युटरवरच्या फॉर्मनंच, नाहीतर बोट ओढून साखर कारखान्याच्या मागं नेऊन लावू. आता एक्केचाळीस वर्षं आम्ही त्या धक्क्याला! बेकरी, डॉक्टर, खेस्केची बहीण, सगळं वीस पावलांत. कारखान्यामागं काय आहे? साखरेच्या कुजक्या बिटाचा वास आणि चिखल! खेस्केनं बोट ढकलायचा आकडीचा बांबू हातात घेतला आणि म्हणाली, "वीबे, परवान्याशिवाय आलास तर फळी काढून घेईन." फळी म्हणजे धक्क्यावरून बोटीत यायची. एकदा काढली होती. तीन दिवस.

शुक्रवारी मी पालिकेत गेलो. अकरा वाजून दहा मिनिटांची वेळ दिलेली. टेबलाशी रूर्ट नावाचा लांबोडका पोरगा, फॉर्म त्यानंच बनवलेला, मला कॉफी दिली, बशीत एक बिस्किट. एकच हं, डबा लगेच बंद. म्हणाला, "आजोबा, मी भरतो, तुम्ही फक्त सांगा." पहिलाच प्रश्न, राहता कुठं, घर किंवा बोट? म्हटलं, बोट. त्यानं बोट निवडली आणि घराचे सगळे प्रश्न गेले की हो पुसून, आणि आले बोटीचे! नाव काय? दोन बहिणी. लांबी? चोवीस मीटर. तळ गोल की सपाट? सपाट! अहो, जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला येतंय ते विचारत होतं, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. रूर्टनं 'पाठवा' दाबलं… आणि पडदा लालभडक. "घराचा पिनकोड भरा."

म्हटलं, कुठं? रूर्ट म्हणाला, "तो रकाना दिसणार नाही आजोबा, तुम्ही बोट निवडलीत ना." म्हटलं, मग भरू कसा? "भरायचाच नाहीये." मग मागतोय का? "मागणारच, सक्तीचा आहे." मी शांत माणूस आहे. मी बिस्किट कॉफीत बुडवलं.

इतक्यात पलीकडच्या टेबलावरून हिल्दे उठली. ही पण कॉम्प्युटरवालीच, मनगटं बघाल तर नांगर ओढणाऱ्या खलाशासारखी. "मी मार्चमध्येच सांगितलं होतं!" रूर्ट म्हणाला, "आलीस का तू!" मग त्यांचं जे सुरू झालं ते मला कळलं तेवढं सांगतो. त्या फॉर्मच्या पोटात म्हणे दोन कप्पे असतात, एक घराचा, एक बोटीचा, आणि सगळं मिळून एक्सएमएल नावाच्या पेटीत बसवायचं. रूर्टनं काय केलं, नको असलेल्या कप्प्यावर नुसतं फडकं टाकलं. कप्पा आत तसाच! फडक्याखालून ओरडतोय, मला भरा, मला भरा!

"झाकलंस म्हणजे गेलं का रे गाढवा?" हिल्दे म्हणाली. "बोट निवडली की घराचा कप्पा पेटीतून गेला पाहिजे!"

"आणि माणसानं चुकून बोट दाबली असेल तर? परत घरावर आला की त्यानं लिहिलेलं सगळं गायब! रडतो तो!"

"रडू दे!"

"माझ्या फॉर्ममध्ये कुणी रडायचं नाही!"

"अरे, मग आत ठेव, पण तपासू नकोस आणि पाठवताना गाळ! एवढं तरी येतं का तुला, की तुझ्या आईला बोलवू?"

आईचं नाव निघालं आणि रूर्टनं स्टेपलर फेकला. फेकला! सरकारी स्टेपलर! तो हिल्देच्या कानावरून गेला आणि मागं काचेत बसला, काच खळ्ळकन खाली. तिनं शांतपणे चष्मा काढला, घडी करून खिशात घातला, सायकलचा पंप उचलला आणि टेबलावरून उडीच घेतली हो! पहिला फटका खांद्यावर, दुसरा नाकावर, रक्ताची चिळकांडी थेट माझ्या बशीत. रूर्टनं तिच्या डोक्यात कुंडी घातली, माती, मुळं, सगळं. तिनं त्याचं मनगट चावलं. त्यानं कीबोर्ड मोडला तिच्या पाठीवर, अक्षरं उडाली दाण्यांसारखी, एक माझ्या मिशीत अडकलं. आणि हाणताना वाद चालूच! "दोन्ही ठेवायचे!" फाड्! "एकच पाठवायचा!" धाड्! रांगेतली माणसं? बसलेली! वेळ ठरवून आलेली माणसं इथली, आपला नंबर येईपर्यंत भूकंपातही उठायची नाहीत. एक बाई एवढंच म्हणाल्या, "जरा हळू मारा, नंबर ऐकू येत नाहीत."

मी शांत माणूस आहे. मी हात वर केला. म्हटलं, पोरांनो, बाराला सात मिनिटं कमी आहेत, आणि माझी फळी…

तेवढ्यात रूर्टनं फायलींचं अख्खं कपाट हिल्देवर लोटलं. ती खाली, वर कपाट, बाहेर नुसते दोन बूट. रूर्ट नाकात रुमाल कोंबून खुर्चीत बसला, दुसऱ्या टेबलाचा कीबोर्ड ओढून घेतला. "आजोबा, युक्ती करू. आधी घर निवडतो, कुठलाही पत्ता टाकतो, मग परत बोट. पत्ता फडक्याखाली राहील, कप्पा गप्प बसेल. सांगा एखाद्या घराचा पत्ता." मला घराचा पत्ता कुठला येणार! मेहुणीच्या घरी मी चाळीस वर्षं जातोय, पण खुणेनं, बेकरीनंतरचं हिरवं दार. समोर पालिकेचा कागद पडला होता, त्याच्या डोक्यावर पत्ता छापलेला. तो पुढं केला. मोठा चौक, क्रमांक एक, खाली पिनकोड.

कपाटाखालून हिल्दे ओरडली, "नको रे! दोन्ही कप्पे भरलेले जातील! पलीकडचं यंत्र परवानाधारक पहिल्याच कप्प्यातून उचलतं!"

ऐकायला हवं होतं मी. पण घड्याळात बाराला दोन कमी. रूर्टनं दाबलं आणि पडदा हिरवागार झाला. मी दोघांचे आभार मानले. बुटांशी वाकून मानले.

घरी खेस्केनं वाटाण्याचं सूप केलं, वर डुकराचं सॉसेज, चमचा उभा राहील इतकं घट्ट. परवाना नातेवाईक आल्यासारखा वाटत होता हो, चार दिवस!

मंगळवारी सकाळी पालिकेचा दुर्क ओढबोट घेऊन आला. दुर्कला मी लहानपणापासून ओळखतो. टोपी काढून उभा राहिला. "वीबेकाका, दोर सोडा. धक्का दुसऱ्याला मिळाला." म्हटलं, कुणाला? त्यानं कागद वाचला. "परवानाधारक, मोठा चौक क्रमांक एक. म्हणजे नगरपालिकेची इमारत. लांबी चोवीस मीटर. तळ सपाट. मुदत दहा वर्षं."

मी म्हटलं, दुर्क, नगरपालिकेला चार मजले आहेत. दगडी आहे. वर घड्याळाचा मनोरा आहे.

"ते माझ्याकडं लिहिलेलं नाही काका. जागा मोकळी करून द्यायची एवढंच लिहिलंय."

खेस्के आली. बांबू घेऊनच. पहिल्या दणक्यात दुर्क कालव्यात, वर येऊन कठड्याला धरलं तर बोटांवर दुसरा, तिसरा टोपीवर, टोपी बुडाली, आकडी कॉलरमध्ये घालून तिनं त्याला दोनदा आत दाबला आणि दोनदा वर काढला. तो पाणी थुंकत म्हणतो, "काकू, मारा, पण कागद बदलायचा नाही! हरकत घ्यायची तर फॉर्म आहे!" फॉर्म म्हटल्यावर तिनं तिसऱ्यांदा दाबला.

मग दमली. बांबू टाकून फळीवर बसली, गुडघे धरून. बहिणीच्या हिरव्या दाराकडं बघत राहिली. मी दोर सोडला. मी शांत माणूस आहे ना.

आता आम्ही कारखान्यामागं. बहीण यायची म्हणजे दोन बस बदलून येते, नाकावर रुमाल धरून. मी रविवारी चालत जातो पॉप्लरच्या धक्क्यावर, बघून येतो. जागा आहे तशी मोकळी ठेवलीय, दोर टाकायचे खुंट रंगवलेत, पाटी लावलीय, इतरांनी बोट बांधू नये.

नगरपालिका अजून आलेली नाही.