तेल पाजलेली फळी

आता हसू नका, पण सुतारकीत माझी एकदा लय फजिती झालती. लोणावळ्याच्या बंगल्यातल्या साहेबांची मोटारबोट होती, फायबरची. ते म्हणाले, "भाऊ, आतली फळी कुजलीय. तुम्ही नवी बसवा, वरून मुंबईचा कारागीर फायबर चढवील. रविवारी पाहुणे येणार आहेत."

मी सागाची फळी घातली. बैलगाडीला पाजतो तसं तिला तीन दिस करंजाचं तेल पाजलं. पुन्हा कुजायचं नाव न्हाई!

कारागिरानं वर काचेच्या धाग्याचं कापड अंथरून ते चिकटवायचं औषध ओतलं. सकाळी बघतो तर वाळलेलं फायबर अख्खं सुटून हातात आलं. तो म्हणाला, "लाकूड ओलं आहे." मी म्हणालो, "तुझं औषधच शिळं." कुणालाच काय कळंना. दुसऱ्या खेपेला आपली कसर नको म्हणून मी दुप्पट तेल पाजलं. पुन्हा तेच!

घरी बायको धिरडी घालत होती, तिला सगळं सांगितलं. तिनं उलथनं न लावता धिरडं अलगद उचललं, माझ्या ताटात टाकलं आणि म्हणाली, "आवं, तव्याला तेल कशापायी लावत्यात? धिरडं चिकटावं म्हणून?"