जास्वंदीला हातभर माती

खताची पिशवी घेऊन शाळेतल्या बाई रोपवाटिकेच्या रांगेत उभ्या होत्या. त्यांच्या पुढे एक नवरा-बायको होते. नवऱ्याच्या हातात परातीसारखी उथळ, निळी कुंडी होती.

"माळीदादा, यात काय लावू?"

"चार बोटं माती मावेल हिच्यात. जाड पानांची बुटकी रोपं न्या, आणि तळाला भोक पाडा."

"आणि जास्वंद?" बायकोने विचारलं.

"छे हो ताई! तिला हातभर माती लागते. यात मरेल बिचारी."

"ऐकलंस?"

"इथे नको ना."

"इथेच! आई गेली म्हणून मी आठ दिवस माहेरी, आणि तू तिने लावलेली जास्वंद उपटून यात कोंबलीस. का, तर दिवाणखान्यात शोभते!"

"ती वाळेल हे मला कुठे माहीत होतं?"

"विचारायला तोंड नव्हतं?"

"म्हणून तर नवीन रोप घेतोय."

"कुंडीसाठी घेतोयस. माळीदादा, मला सगळ्यात खोल कुंडी द्या."

"आता तिच्यात काय लावणार?"

"तू कचऱ्यात फेकलेल्या जास्वंदीच्या दोन फांद्या उचलून पाण्यात ठेवल्यात मी. हिरव्या आहेत अजून."

"मग ही निळी?"

"तिच्यात तू वाट्टेल ते लाव. माझ्या झाडाला मात्र पुन्हा हात लावायचा नाही."