घासायची राहिलेली बाटली

हॅलो? … हॅलो… कोण? अंकिता? अगं, तू व्हय! कामाच्या टायमाला कसा काय फोन? … रडतीस का? … बरं बरं, न्हाय रडत. बोल.

… व्हय, आईच बोलतीय. सोलापुरात माझा फोन दुसरं कोण उचलणार? … कसली बाटली? …

फ्रीजमधली? दोन व्हत्या की. संस्कृतीला माझ्याकडं सोडायला आलीस तवा हितल्या कॉलेजात दाखवायला आणलेल्या, त्याच न्हवं? … अगं, पण लेकीचं विचारशील का न्हाय आधी? बरी हाय ती. … हां, हां, बाटली. सांगते की.

एक घासली.

… हॅलो? … अंकिता? … कट झाला का काय…

हाईस व्हय. अगं, हिरवी झालती ती! आत शेवाळ! हितं चार-पाच दिसांनी नळाला पाणी येतंय, भरून ठेवल्याबिगर भागत न्हाय. भांड्यात जरा हिरवं दिसलं की हात आपसूक काथ्याकडं जातोय. लहानपणी तू बी घासल्यास की घागरी. … काय? तेच पाहिजे व्हतं? शेवाळच?

थांब, थांब. सावकाश. तिकडं गोव्यात काय झालं? … थंड कपाट बंद पडलं. … रातभर. … सगळी मेली? कोण सगळी? … अगं बाई! म्हणजे ते जितं असतंय?

… हां. पार बर्फाच्या समुद्रातनं आणलेलं. … अजून कुणालाच म्हाईत न्हाय? सगळ्या जगात? … मग फोटो हाय न्हवं तुझ्याकडं, तो दाखव की साहेबांना. … दिसायला दुसऱ्यासारखंच? आतनं निराळं? … म्हणजे शेजारच्या भिमाच्या जुळ्यांगत, तोंडं सारखी पण… तसं बी न्हाय? बरं, न्हाय तर न्हाय. जितं असलं तरच तपासून नवं हाय म्हणता येतंय, एवढं कळलं मला.

दुसरी? दुसरी हाय की. ती स्वच्छ व्हती, म्हणून राहिली घासायची. … घेतली हातात. … नितळ पाणी. काय बी न्हाय त्यात. … अगं, रडू नगं गं. … हलवायची न्हाय? मग? … उजेडाकडं धरून तळाला बघू. थांब, चष्मा… हां, खिडकीपाशी आले.

… अगं! हाय की! पार तळाला, पोपटी! कढीपत्त्याच्या कवळ्या पानागत. … व्हय, खरंच. शपथ. थांब, काथ्या… न्हाय गं, न्हाय! नुसतं तोंडातनं गेलं! हात बी न्हाय लावत.

पण मेलं नसंल न्हवं? फ्रीजचं दार लावलं की दिवा विझतोय, आत मिट्ट काळोख. … चालतंय? तितं महिनोन् महिने रातच असती? … मग सैपाक कवा करत्यात? … समुद्रात सैपाक करत न्हायत. बरं. ऱ्हाऊ दे.

ठेवली परत. सारखं दार बी उघडत न्हाय. … लाईट गेली तर समोरच्या ईरम्माकडनं बर्फ आणते. सोडा विकती ती, तिच्याकडं लादी असती. … तुझ्या भावाकडं देऊ पाठवून? दिग्विजय बाटली सीटखाली ठेवून घोरत येईल, आधीच सांगते.

… मग? … तू येणार? स्वतः? … आज निघतीस? … न्हाय, काय न्हाय. लेक रोज विचारती तवा सुट्टी नव्हती मिळत, म्हणून म्हटलं. … न्हाय गं, टोचून न्हाय बोलत. बाटलीसाठी का व्हईना, ये. लई दिस झाले.

… सांगू नगं तिला? गाडी मिळतीय का न्हाय, म्हणून? … अगं, उशीर झाला. मागंच उभी व्हती ही. … न्हाय, रडत न्हाय. चप्पल घातली उलटी-सुलटी, आन् दारात जाऊन बसली.

संस्कृती, ए बाळा, आई उद्या पोचंल, आत ये… ऐकत न्हाय गं. … अंकिता, आता बोलत बसू नगं. गाडी बघ जा. मी हिच्याजवळ बसते दारात. ठेवते.