शेवटचा थांबा मौजमजा

...आणि ही चौथी. तुम्हाला सांगते, चौथी ट्राम माझ्या नाकासमोरून गेली, आणि मी हात केला होता, नुसता हात नाही, काठीसकट हात केला होता, आणि आतल्या माणसांनी काय करावं, तर सगळ्यांनी मिळून मला उलटा हात केला, हसत हसत, जशी काही मी त्यांना निरोप द्यायलाच थांब्यावर उभी होते! एक बाई खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर लोंबून माझा फोटो काढत होती. अगं बये, फोटो कसला काढतेस, सरक की जरा, माझं एवढंसं शरीर, दाराच्या फटीत मावेन... पण नाही. अठ्ठावीस आली, भरून आली, भरूनच गेली.

आता तुम्ही म्हणाल, ज्योर्जिनाबाई, एवढी काय घाई होती, पाचवी येईल. येईल हो! पण त्या शुक्रवारी मला एक वाजायच्या आत प्राझेरेशला पोचायचं होतं. अठ्ठावीस नंबरचा शेवटचा थांबा, प्राझेरेश. आमच्या भाषेत त्याचा अर्थ मौजमजा, सुखं, जे काय म्हणाल ते. आणि तिथं आहे काय, तर दफनभूमी. पूर्वी त्या टेकडीवर त्या नावाच्या देवीचं देऊळ होतं, मग कॉलऱ्याची मढी आली, नाव तेच राहिलं, कुणाला बदलावंसं वाटलं नाही. आम्हाला लहानपणापासून त्यात काही वावगं वाटत नाही. अमका मौजमजेला गेला म्हणजे मेला, इतकं सोपं आहे ते. माझा अदेलिनो अकरा वर्षं झाली मौजमजेत आहे.

हा अदेलिनो, माझा नवरा, ट्रामच चालवायचा. हीच, अठ्ठावीस. एकतीस वर्षं. आणि घरी येऊन कुरकुर काय करायचा, तर म्हणे, "ज्योर्जिना, दुपारची रिकामी गाडी चालवताना माणसाला लाज वाटते गं." रिकामी! मी म्हणते, ये आता. ये आणि बघ.

तर तो आहे त्याच्या आत्याच्या घरात. घर म्हणजे थडगंच, पण आमच्याकडं घराण्याची थडगी घरासारखी असतात, दगडी खोली, दाराला कुलूप, आत दोन्ही बाजूंनी फळ्या, फळ्यांवर पेट्या. एर्मेलिंदा आत्यानं ते विकत घेतलं होतं, स्वतः खालच्या फळीवर गेली, आणि सव्वीस वर्षांनी भाच्याला वरची दिली. जिवंतपणी त्या बाईनं त्याला एक कप कॉफी दिली नव्हती, पण मेल्यावर जागा दिली, म्हणून मी तिच्याबद्दल काही बोलत नाही.

मी दर शुक्रवारी जायची. जायची म्हणते, कारण गेली दीड वर्षं मी दर शुक्रवारी थांब्यावर उभी राहते आणि परत येते. कसं जाणार? त्या परदेशी लोकांच्या हातात यादी असते. लिस्बनला गेल्यावर करायच्या दहा गोष्टी. पहिली गोष्ट, अठ्ठावीस नंबरमध्ये बसून शेवटपर्यंत जाणे. दुसरी गोष्ट, परत येणे. मग बाकीच्या आठ. आता दुसरी बस आहे, मला माहीत आहे, मला शिकवू नका, ती टेकडीच्या खाली सोडते, आणि तो चढ बांधताना माझ्या गुडघ्यांना कुणी विचारलेलं नाही. आणि टॅक्सीवाले विमानतळाकडं तोंड करून उभे असतात, म्हातारीच्या मौजमजेकडं कोण बघतो.

तर एकच्या आत पोचायचंय हे मला कळलं कसं? ऐका. माझ्या वरच्या मजल्यावर आता कुणी राहत नाही, म्हणजे रोज नवीन कुणीतरी राहतं. त्या बुधवारी एक लांबट जोडपं उतरलं होतं, भलं होतं बिचारं, जिन्यात मला थांबवून फोन पुढं केला, दिवसभरात काय काय पाहिलं ते दाखवायला. किल्ला. पूल. सार्डिन. सार्डिन माशांवर आडवं झोपलेलं लिंबू. आणि मग एक दगडी दार, त्यावर कोरलेलं आमचं आडनाव, आणि त्या आडनावाखाली चिकटवलेला कागद! मी म्हटलं, मोठं कर. त्याला कळेना. मी त्याचंच बोट धरून त्याच्याच फोनवर फिरवलं. मी चौथी पास, पण सरकारी कागद मला वाचून कुणी दाखवावा लागत नाही. लिहिलं होतं की अमुक एर्मेलिंदा यांना पत्रं पाठवली, त्यांनी उत्तर दिलं नाही...

उत्तर कुठून देणार? ती त्याच दाराच्या आत आहे!

...त्यांनी उत्तर दिलं नाही, सबब शुक्रवारी दुपारी एक वाजेपर्यंत वारसानं किल्ली आणि कागद घेऊन कचेरीत यावं, न आल्यास जागा बेवारस समजली जाईल आणि आतले अवशेष सार्वजनिक जागेत हलवले जातील. दोन महिने तो कागद दारावर होता. मी दीड वर्ष दारापर्यंत पोचले नव्हते. आणि हे दोघं, एक दिवस आलेले, पोचून, फोटो काढून, सार्डिन खाऊन परत! तो लांबट मला म्हणतो, "ब्युटीफुल, नो?" मी म्हटलं, येस.

गुरुवारी कचेरी बंद, सणाची सुट्टी. म्हणून शुक्रवार. म्हणून साडेनवापासून थांब्यावर. पर्समध्ये किल्ली, लग्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला, आत्याचं खरेदीखत, आणि एक उकडलेलं अंडं, कारण कचेरीत कधी किती वेळ लागेल सांगता येत नाही. आणि अठ्ठावीस आली, भरून आली, भरूनच गेली.

पाचवीच्या आधी मी रांगेतल्या पुढच्या माणसाला खांद्यावर टकटक केलं. लाल चेहऱ्याचा, गुडघ्यापर्यंत चड्डी. मी माझ्या इंग्रजीत म्हटलं, मला पुढं जाऊ दे, मला प्राझेरेशला जायचंय. तो म्हणाला, आम्हीपण. तिथं काय आहे? मी म्हटलं, माझा नवरा. त्यानं मागं वळून सगळ्यांना सांगितलं, हिचा नवरा मौजमजेत वाट बघतोय! सगळे ओरडले, शिट्ट्या मारल्या, आणि तुम्हाला सांगते, पंच्याऐंशी माणसांची रांग दुभंगली आणि मला हाताला धरून पुढं पोचवलं. एका पोरीनं माझ्या गालाला हात लावला. मी काही खोटं बोलले नव्हते.

आत चढले तर वृद्धांसाठी राखीव जागेवर एक जोडपं. वर पाटी आहे, चित्रसुद्धा आहे, वाकलेली म्हातारी, काठी. मी पाटीखाली उभी राहिले, वाकले, काठी पुढं केली. त्यांनी पाटीचा आणि माझा एकत्र फोटो काढला. मग उठले. बसले एकदाची! साडेअकरा.

आता पाऊण तासाचा रस्ता. अर्ध्यापर्यंत ठीक होतं. चालवणारा फिर्मिनो म्हणून होता, अदेलिनोच्या हाताखाली शिकलेला, त्यानं आरशातून ओळखलं. "दोना ज्योर्जिना, आज कशा काय चढलात?" मी म्हटलं, लग्नाला निघालेय असं समज आणि हाक. त्यानं हाकली. आणि मग ती अरुंद गल्ली आली, वळणावरची, आणि ट्राम थांबली. घंटा. घंटा. घंटा.

गाडी! कुणीतरी आपली निळी मोटार रुळावर दीड वीत आत लावून ठेवली होती!

हे परदेश्यांचं काम नाही हो, एवढं मी न्यायानं सांगेन. हे आमचंच काम. जगात इतर कुठल्या माणसाला वाटणार नाही की रुळावर गाडी लावावी आणि कॉफी प्यायला जावं. आमच्या माणसाला वाटतं. कारण तो पाचच मिनिटांसाठी जातो. कॉफी उभ्यानं प्यायची, ती दोन घोटांची, मग पाच मिनिटंच लागणार, हा त्याचा हिशेब. मग कॉफी देणारा म्हणतो, काय रे, भाऊ कसा आहे? आणि भाऊ आजारी असतो. झालं.

फिर्मिनो खाली उतरला. मी खिडकीतून डोकं काढून ओरडले, "कुणाची आहे रे ही निळी?" समोरच्या खिडकीतून एक बाई म्हणाली, "चांभाराच्या जावयाची. तो आत्ताच गेला." "कुठं गेला?" "पाच मिनिटांत येतो म्हणाला." "कधी म्हणाला?" "मघाशी."

ट्राममधल्या लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचा भाग आहे. टाळ्या वाजवत होते, घंटेच्या तालावर. लाल चेहऱ्याचा मला विचारतो, असं रोज होतं का? मी म्हटलं, मंगळवारी दोनदा. त्यानं ते लिहून घेतलं.

शेवटी आमचे चार बाप्ये उतरले, एक न्हावी हातात कात्री तशीच घेऊन आला, आणि गाडीला मागून धरून, उचल, सरक, उचल, सरक, असं फुटपाथवर चढवायला लागले. परदेशी पोरंपण उतरली मदतीला, पण त्यांनी पुढून धरलं, म्हणजे एक गाडी आणि दोन दिशा. बारा पन्नास. तेवढ्यात तो जावई आला, ओठ पुसत. मी वरून म्हटलं, "अरे मुडद्या, माझा नवरा बेवारस होतोय." तो मान वर करून, अगदी प्रेमानं, म्हणतो, "आजी, पाचच मिनिटं झाली हो."

पोचलो एक दहाला. फिर्मिनो ओरडला, "प्राझेरेश, सगळे उतरा!" सगळे उतरले. समोर भिंत, सायप्रसची झाडं, फाटकावर दगडी कवटी.  मग लाल चेहऱ्याच्यानं माझ्याकडं बघितलं, फाटकाकडं बघितलं, पुन्हा माझ्याकडं, आणि डोक्यावरची टोपी काढली. बरा माणूस होता. मग तोपण परतीच्या रांगेत उभा राहिला, कारण दुसरी गोष्ट, परत येणे. आणि रांग भिंतीच्या टोकापर्यंत गेली होती, आणि अठ्ठावीस आली होती रिकामी, आणि भरून गेली.

मी पळाले. म्हणजे मी ज्याला पळणं म्हणते ते. कचेरीच्या खिडकीवर 'बंद'ची पाटी, आणि पाटीमागून एक सभ्य माणूस कोट घालत बाहेर येत होता. मी किल्ली पुढं केली, दाखले पुढं केले, घाईत अंडंपण पुढं केलं. त्यानं सगळं नीट बघितलं, अंडं परत दिलं.

"दोना, कागद चोख आहेत," तो म्हणाला. "असे कागद कुणी आणत नाही."

"मग मारा ना शिक्का."

"एकला यंत्रणा बंद होते. आता एक बावीस झालेत. मी उघडू म्हटलं तरी उघडत नाही."

"सोमवारी येते."

"सोमवारी ती जागा बेवारस म्हणून पुढं गेलेली असेल. पुढं गेल्यावर वारसानं अर्ज करता येतो."

"मग करते."

"पण बेवारस जागेला वारस असल्याचं आम्हाला मान्य करता येत नाही. मग ती बेवारस कशी?"

तुम्हाला सांगते, मला तो आवडला. असा सरळ बोलणारा माणूस सरकारात राहिलेला नाही. मी विचारलं, अदेलिनोला कुठं नेणार? तो म्हणाला, खाली, सगळ्यांबरोबर. मी म्हटलं, गर्दी आहे का? त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, "भरपूर, दोना." घ्या! दुपारची रिकामी गाडी नको होती ना त्याला...

मग म्हटलं आलोच आहोत तर निदान भेटून जाऊ. गुडघ्यांत काही उरलं नव्हतं, पण पंधरा-एक जणांचा घोळका आत निघाला होता, पुढं एक पोरगेला गाईड, हातात पिवळी छत्री. त्यांच्यामागं चालणं बरं, ते दर थडग्याशी थांबतात, मलापण थांबायचं होतंच. आणि चालत चालत ते कुणाच्या दाराशी थांबावेत? आत्याच्या! गाईडनं छत्री टेकली आणि आवाज खाली आणला. म्हणाला, हे बघा, हे एक उदाहरण. पूर्ण वंश संपला. कुणीही उरलं नाही. काचेतून आतला पडदा बघा, हातानं विणलेली लेस, एकोणिसाव्या शतकातली, अशी वीण आता कुणाला येत नाही.

तो पडदा मी विणलाय. टीव्हीवरची मालिका बघत. डाव्या कोपऱ्यात एक द्राक्षाचा घोस वाकडा आहे, तिथं नायिकेचं लग्न मोडलं होतं.

सगळ्यांनी हळहळून 'ओह' केलं. एकीनं डोळे पुसले. मी काठी वर केली. गाईड गोड हसला आणि म्हणाला, "प्रश्न शेवटी घेऊ हं, आजी."

म्हणून मी शेवटपर्यंत गेले. अकरा थडगी, दोन कवी, एक सेनापती, एक बाई जी काहीच झाली नव्हती पण पुतळा चांगला होता. फाटकाशी आल्यावर त्यानं छत्री मिटली, पंधराही जण माझ्याकडं वळले, आणि तो म्हणाला, "हां आजी, आता विचारा, काय विचारायचं होतं?"

त्यांचे चेहरे बघितले मी. उन्हानं लाल झालेले, दमलेले, कुणाचा तरी वंश संपलेला पाहून इतके समाधानी...

म्हटलं, संडास कुठंय?

"डाव्या हाताला, झाडामागं," तो म्हणाला. आणि होता हो! बरोबर तिथंच होता, स्वच्छ होता, आणि रांग नव्हती.