भट्टीवाल्या काकांची चिठ्ठी

लेक: दार लावा, बाबा. सभागृहात ऐकू जातंय.

बाबा: जाऊ दे. बोलायला नाव देणाऱ्यांच्या डब्यात तेरा चिठ्ठ्या पडल्या, तू नावं बाराच पुकारलीस. भट्टीवाल्याची कुठंय?

लेक: माझ्या पर्समध्ये.

बाबा: अध्यक्ष झालीस म्हणून? विरोधात बोलणाऱ्याला सगळ्यात आधी उभं करायचं, ही आपल्या संघटनेची पहिल्या दिवसापासूनची रीत आहे.

लेक: पहिल्या दिवसाचं सोडा, आज संपाचा अठरावा आहे. काका काय म्हणणार ते मला पाठ आहे. सहा माणसं कारखान्यात पाठवा, भट्टी तेवढी गरम ठेवा.

बाबा: मग खोटं काय त्यात? भट्टी थंड झाली की आतली काच दगड होते, भिंतींना तडे जातात. मालक कुलूप लावून मोकळा. संप जिंकून कामाला जाणार कुठं तुम्ही?

लेक: आज सहा गेले की उद्या साठ जातील. मालक त्याचीच वाट बघतोय. ही मधली सुट्टी संपली की संप चालू ठेवायचा का यावर मतदान आहे, बाबा!

बाबा: हेच सांग ना मग. त्याच्या तोंडावर, सगळ्यांसमोर.

लेक: पुढच्या रांगेतली पोरं फितूर म्हणून ओरडतील त्यांना. त्यांचाच अपमान वाचवतेय मी.

बाबा: वा! तोंड दाबायचं आणि वर उपकार.

लेक: तुम्हाला बोलायला काय जातं? तुम्ही निवृत्त. इथं माझ्या एका चुकीनं चारशे घरं बुडतील.

बाबा: म्हणून तर म्हणतो, एकटीनं ठरवू नकोस.

लेक: तुम्ही अध्यक्ष होतात तेव्हा प्रत्येकाला बोलू दिलंत? छातीवर हात ठेवून सांगा.

बाबा: नाही.

लेक: कुणाला नाही?

बाबा: तुझ्या आईला.

लेक: काहीतरीच! आईला सभांचा कंटाळा आहे. तुम्हीच सांगत आलात.

बाबा: तसं सांगणं सोपं होतं. पॅकिंगमधल्या बायकांना कायम करा, एवढंच तिला मांडायचं होतं. मला वाटलं, ऐन संपात ही नवी मागणी आली तर फूट पडेल. चिठ्ठी खिशात घातली. पुढच्या सभेत घेऊ म्हणालो.

लेक: मग?

बाबा: पुढच्या सभेला ती आलीच नाही. घरात सगळं नीट. हसायची, बोलायची. संघटनेबद्दल मात्र आजतागायत एक अक्षर नाही. संप जिंकलो गं आम्ही. त्या बायका रोजंदारीवरच राहिल्या.

लेक: आणि काकांचं ऐकून आज संप फुटला तर?

बाबा: फुटेलही. मी कुठं नाही म्हणतोय?

लेक: भीती वाटतेय मला, बाबा.

बाबा: आण ती चिठ्ठी. मी पुकारतो नाव.

लेक: नको. मीच पुकारते. (दार उघडून) अहो माइकवाले, दांडा जरा खाली घ्या. काका ठेंगणे आहेत.