एक नंबर मोठी

बस अजून डेपोतच उभी होती. कंडक्टर दाराला टेकून तिकिटाचं मशीन पुसत होता आणि मागच्या बाकावरच्या मायलेकींचं बोलणं आयतंच त्याच्या कानावर पडत होतं.

“तू मला ‘ए मुली’ म्हणालीस, आई.”

“हळू बोल.”

“‘ए मुली, एक नंबर मोठी आण.’ अख्ख्या दुकानासमोर.”

“अगं, सोबत आमच्या शाळेच्या मोठ्या बाई होत्या. ऐन वेळी काय सुचणार?”

“मी गुडघ्यावर बसून त्यांच्या पायात चप्पल सरकवत होते. तू माझ्या डोक्यावरून पंख्याकडे बघत होतीस.”

“मी त्यांना सांगून बसलेय, तू सुट्टीत चित्रकलेच्या शिबिराला गेलीस म्हणून. आता कुठल्या तोंडाने सांगू, मुलगी चपलांच्या दुकानात कामाला लागलीय?”

“म्हणून तर मी ‘हो मॅडम’ म्हटलं.”

“शहाणी गं माझी बाई ती. त्यांना काही कळलं नाही ना?”

“नाही. तू बाहेर रिक्षा बघायला गेलीस ना, तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, किती मनापासून काम करतेस गं! तुझ्या आईला सांग, मुलगी गुणाची आहे.”

“मग? तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, सांगेन. भेटली की.”

बस सुटली. कंडक्टर त्यांच्यापाशी आला आणि रोजच्या सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं,

“दोघी एकत्र का?”

त्याने जीभ चावली, पण उशीर झाला होता. आई पर्समध्ये काहीतरी शोधत राहिली आणि मुलगी आईच्या तोंडाकडे बघत राहिली.